मोरोक्कोची ताऱ्यांची नक्षी: कंपास, पट्टी आणि चार दिशांच्या रेषा

मोरोक्कोच्या फेस शहरात अत्तारीन नावाचा मदरसा आहे, १३२३ ते १३२५ या काळात बांधलेला. त्याच्या चौकातल्या भिंतींचा खालचा भाग रंगीत तुकड्यांच्या नक्षीने भरलेला आहे. फोटो पाहिला तरी नजर सगळ्यात आधी ताऱ्यांवर जाते. आणि ही नक्षी कागदावर काढायची हौस आलेला माणूसही बहुतेक तिथूनच सुरुवात करतो: आधी एक तारा, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. चौथ्या ताऱ्यापर्यंत काहीतरी तिरकं झालेलं असतं, टोकं एकमेकांना भेटत नाहीत, आणि मधल्या जागा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिसायला लागतात.

दोष हाताचा नसतो. नक्षी ताऱ्यांची दिसत असली, तरी ती घडते रेषांमधून. या रेषा लांबलचक, सरळ, एका ताऱ्यातून निघून दुसऱ्या ताऱ्यात शिरणाऱ्या असतात. तारे म्हणजे या रेषा जिथे गर्दी करतात त्या जागा. हे एकदा डोळ्यांना दिसलं की बाकीचं शिकणं हा सरावाचा भाग उरतो. म्हणून या लेखात मी एकच नक्षी घेतली आहे, अगदी पायाची, आणि ती शेवटापर्यंत नेली आहे. दहा नक्ष्या वरवर शिकण्यापेक्षा एक पूर्ण समजून काढणं कितीतरी फायद्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मोरोक्कोत रेषांच्या भौमितिक नक्षीला तस्तीर म्हणतात आणि पानाफुलांच्या वेलबुट्टीला तौरीक. तस्तीर अनेक माध्यमांत दिसते: रंगवलेल्या लाकडी छतांवर, कोरलेल्या गिलाव्यात, दारांवर आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे झेलीजमध्ये. झेलीज म्हणजे चकाकणाऱ्या मातीच्या फरश्यांचे हाताने कापलेले तुकडे जोडून केलेलं काम. फेसच्या आसपासची माती भिजवून, मळून साधारण दहा सेंटिमीटरच्या चौकोनी फरश्या करतात, भाजतात, वर रंगीत लुकण, म्हणजे काचेसारखा चकाकणारा लेप, देऊन पुन्हा भाजतात. मग एक जण साच्याने आकार आखून देतो आणि दुसरा, जमिनीवर बसून, जड धारदार हातोडीने एकेक आकार टिपून काढतो. तुकड्याची मागची कड आतल्या बाजूला उतरती ठेवतात, म्हणजे दर्शनी कडा एकमेकींना घट्ट भिडतात.

पुढची पायरी चकित करणारी आहे. तुकडे जमिनीवर मांडतात ते पालथे, रंगीत बाजू खाली. मांडणाऱ्याला समोर दिसतात फक्त मातकट पाठी. सगळं बसलं की मागून गिलावा ओततात आणि सुकलेला तावदानासारखा भाग उचलून भिंतीला लावतात. रंग दिसत नसताना शेकडो तुकडे बिनचूक मांडायचे, तर नक्षीची बांधणी डोक्यात पक्की हवी. या कामात मुरलेल्या उस्तादाला तिथे मालेम म्हणतात, आणि शिकाऊ मुलं वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली राहून ही बांधणी आत्मसात करत आली आहेत. ही परंपरा आजही कामात आहे: कॅसाब्लांकाची १९९३ साली पूर्ण झालेली हसन दुसरा मशीद याच हातांनी सजली, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०११ साली खुला झालेला मोरोक्कन चौकही फेसच्या कारागिरांनी तिथे जाऊन उभा केला.

आता कागदाकडे येऊ. साहित्य साधं आहे. ए-थ्री आकाराची जरा जाड ड्रॉइंग शीट, टोकदार २एच पेन्सिल, लांब पट्टी, आणि स्क्रू असलेला कंपास. कंपासवर मात्र पैसे वाचवू नका. शाळेच्या कंपासपेटीतला ढिला कंपास वर्तुळ काढता काढताच अर्धा मिलिमीटर उघडतो, आणि या कामात अर्धा मिलिमीटर पुढे पुढे वाढत जातो. पट्टी फक्त सरळ रेषा ओढायला वापरायची, मोजायला नाही. कारण पट्टीवर पाहून ठेवलेला प्रत्येक बिंदू हा अंदाज असतो, आणि दोन रेषा एकमेकींना जिथे छेदतात तो बिंदू पक्का असतो. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके देतो आणि मग ते जोडतो. इथे ठिपके आपण द्यायचे नाहीत, रेषांनी ते आपल्याला द्यायचे.

कंपास पाच सेंटिमीटरवर उघडा आणि स्क्रू घट्ट करा. पहिली चौकट पूर्ण होईपर्यंत तो पुन्हा सैल करायचा नाही.

एक आडवी रेषा ओढा, तिच्यावर एक बिंदू घ्या आणि तो मध्य धरून वर्तुळ काढा. रेषा वर्तुळाला डावीकडे आणि उजवीकडे छेदते. डाव्या बिंदूवर सुई ठेवून वर्तुळाच्या वरच्या अर्ध्या भागावर एक खूण करा, तसंच उजव्या बिंदूवरून. आता या दोन खुणांवर आळीपाळीने सुई ठेवून वर, वर्तुळाच्या बाहेर, एकमेकांना छेदणारे दोन कंस काढा. तो छेदबिंदू आणि मध्य जोडले की अचूक उभी रेषा मिळते. ती खालपर्यंत न्या. वर्तुळावर आता चार बिंदू झाले: वर, खाली, डावा, उजवा.

या चारही बिंदूंवरून त्याच मापाने बाहेरच्या बाजूला कंस काढा. शेजारशेजारचे कंस चार ठिकाणी छेदतील. हे चार छेदबिंदू म्हणजे वर्तुळाला बाहेरून बरोबर टेकणाऱ्या चौकोनाचे कोपरे. ते जोडा, झाली आपली चौकट, दहा सेंटिमीटर बाजूची. समोरासमोरचे कोपरे जोडले की दोन कर्ण मिळतात आणि ते वर्तुळाला आणखी चार बिंदूंत छेदतात. वर्तुळाचे आठ समान भाग झाले, तेही एकही माप न घेता आणि कंपासचा स्क्रू न हलवता.

ही युक्ती फार जुनी आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बुझजानी हा मोठा गणिती होऊन गेला. त्याने कारागिरांना उपयोगी पडतील अशा भौमितिक रचनांवर लिहिलं, आणि त्यात एकाच मापावर अडकवलेल्या कंपासने काय काय काढता येतं याचाही विचार केला. गणिती आणि कारागीर एकत्र बसून अशा प्रश्नांवर बोलत, असं त्याच्या लिखाणातून दिसतं. मला या विषयातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते. कंपास हलला नाही तर चूक शिरायला जागाच राहत नाही. कारागिराची सोय आणि गणितीची शिस्त इथे एकच होऊन जाते.

आठ बिंदूंपैकी एकाआड एक चार बिंदू जोडा. एक चौकोन मिळतो, टोकावर उभा. उरलेले चार जोडा, दुसरा चौकोन, सरळ बसलेला. दोन्ही मिळून आठ टोकांचा तारा होतो. मोरोक्कोत याला खातम म्हणतात, आणि आठाच्या कुटुंबातल्या साऱ्या नक्ष्यांचं मूळ हेच.

इथे घाई न करता थांबा आणि तारा नीट पाहा. प्रत्येक चौकोनाची बाजू दुसऱ्या चौकोनाने तीन तुकड्यांत कापली आहे. पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात ते तुकडे साधारण २.०७, २.९३ आणि २.०७ सेंटिमीटर येतात. हे आकडे कुठून आले? ताऱ्याचं प्रत्येक टोक हा काटकोन त्रिकोण आहे आणि त्याच्या काटकोनाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत लावला तर अशा त्रिकोणाचा कर्ण बाजूच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे जवळजवळ १.४१४ पट असतो. बाजूचा मधला तुकडा हा असाच एक कर्ण, आणि कडेचे तुकडे म्हणजे शेजारच्या टोकांच्या बाजू. म्हणून कडेचा, मधला, पुन्हा कडेचा असं प्रमाण एकास वर्गमूळ दोनास एक असं पडतं. तुमचा तारा बरोबर आलाय का हे तपासायला यापेक्षा चांगली कसोटी नाही. कर्कटकात एका टोकाची बाजू पकडा आणि सोळाही बाजूंवर फिरवा. सगळ्या सारख्या भरल्या तर पुढे जा, नाही तर नवा कागद घ्या.

आता एकाला एक लागून चार चौकटी काढा, दोन वर आणि दोन खाली, आणि प्रत्येकीत खातम बसवा. टोकावर उभ्या चौकोनाची टोकं चौकटीच्या बाजूंच्या बरोबर मध्यावर येतात, त्यामुळे शेजारचे तारे तिथे एकमेकांना टोकाने टेकतात. चार चौकटींचा सामाईक कोपरा जिथे आहे, तिथे मधोमध, काही न काढताही एक आकार तयार झालेला दिसेल: टोकदार हातांचं अधिक चिन्ह. तारा आणि अधिक, तारा आणि अधिक, हीच इस्लामी कलेतली सगळ्यात ओळखीची नक्षी. बरेच जण इथे थांबून रंगवायला घेतात. थांबू नका. खरी गंमत याच्या पुढच्या पायरीत आहे.

पट्टी घ्या आणि सरळ बसलेल्या चौकोनांच्या बाजू दोन्हीकडे वाढवा. ताऱ्याच्या टोकातून बाहेर पडलेली रेषा अधिकाच्या पोटातून जाते आणि थेट शेजारच्या ताऱ्याच्या त्याच चौकोनाच्या बाजूवर जाऊन पोचते. कुठेही मोड नाही. अधिकाच्या मध्ये एक छोटा चौकोन तयार होतो आणि त्याच्या चार अंगांना घराच्या आकाराचे चार पंचकोन. आता तिरक्या चौकोनांच्या बाजू पाहा. त्या तर वाढवायचीही गरज नाही; एका ताऱ्याची तिरकी बाजू जिथे संपते तिथूनच पुढच्या ताऱ्याची सुरू होते, त्याच रेषेत.

कागद हातभर लांब धरा. तारे, अधिक, पंचकोन हे सगळं क्षणभर विसरा. उरतात फक्त चार दिशांना धावणाऱ्या सरळ रेषा: आडव्या, उभ्या, उजवीकडे चढणाऱ्या, डावीकडे चढणाऱ्या. तिरक्या रेषांमधलं अंतर सगळीकडे सारखं, ७.०७ सेंटिमीटर. आडव्या आणि उभ्या रेषांमधलं अंतर आळीपाळीने मोठं आणि लहान, ७.०७ आणि २.९३. बस्स. अख्खी भिंत या एवढ्याने भरते. ज्याला हे दिसलं, तो मोठ्या भिंतीवर तारे काढत बसणार नाही. तो चार दिशांच्या रेषा आखेल आणि तारे आपोआप उगवतील. आणि लांब रेषेचा आणखी एक फायदा: ती दहा ताऱ्यांतून जात असल्यामुळे एखाद्या ताऱ्यात चूक लपू शकत नाही, ती लगेच उघडी पडते.

याहूनही लहान करून पाहू. एक चौकट घ्या. तिचा मध्य, उजव्या बाजूचा मध्यबिंदू आणि वरचा उजवा कोपरा हे तीन बिंदू जोडले की चौकटीचा आठवा भाग एवढा एक काटकोन त्रिकोण होतो. त्याच्या आत नक्षीचा किती भाग येतो? तीन छोटे रेषाखंड: एक उभा, एक आडवा, एक तिरका. ट्रेसिंग पेपरवर हा त्रिकोण आणि हे तीन खंड उतरवून घ्या आणि प्रत्येक बाजूवर आरशासारखा उलटत जा. सात उलट्यांत चौकट भरते, आणि असंच पुढे गेलात तर भिंत. मोरोक्कोच्या बऱ्याच गुंतागुंतीच्या नक्ष्याही अशाच एका त्रिकोणात मावतात, फरक एवढाच की त्रिकोणाच्या आत तीनाऐवजी तीस-चाळीस खंड असतात. फोटो पाहून नक्षी उतरवायची असेल तेव्हा पहिलं काम हा त्रिकोण शोधण्याचं.

आता विणकाम. अनेक जुन्या कामांत रेषा नुसत्या रेषा नसतात, पट्ट्या असतात, आणि त्या एकमेकींच्या वरून आणि खालून जाताना दिसतात. यासाठी प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांना तीन मिलिमीटरवर समांतर रेषा ओढा, सहा मिलिमीटरची पट्टी होईल. (इथे पट्टीवर माप घ्यायला हरकत नाही, कारण पाया आधीच पक्का झाला आहे.) पट्टी फार रुंद केली तर ताऱ्याच्या टोकांमधले छोटे त्रिकोण गिळले जातात, फार बारीक केली तर विणकाम दिसत नाही. मोरोक्कोच्या सुतारकामात आणि लाकूड रंगवण्यात हस्बा नावाची पद्धत आहे. तिच्यात पट्टीची रुंदी हेच एकक धरून सगळ्या नक्षीचं माप ठरवतात. म्हणजे पट्टी शेवटी चिकटवायची गोष्ट नाही, ती सुरुवातीलाच हिशेबात असते.

वर-खालीचा नियम एका वाक्याचा आहे. कोणतीही एक पट्टी धरून चाला: पहिल्या छेदावर वरून, दुसऱ्यावर खालून, तिसऱ्यावर वरून. शंका येते की चारी दिशांच्या पट्ट्या असं करायला लागल्या तर कुठेतरी दोन्ही वर किंवा दोन्ही खाली येऊन घोटाळा होईल. होत नाही. ज्या नक्षीत प्रत्येक छेदावर फक्त दोनच रेषा भेटतात, तिथे हा नियम कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिकतो, हे गणिताने सिद्ध होतं. आपल्या नक्षीत प्रत्येक छेद तसाच आहे, तपासून पाहा. त्यामुळे विणता विणता दोन्ही पट्ट्या वर आलेल्या दिसल्या, तर समजा की मागे कुठेतरी एक छेद सुटला आहे. मागे जाऊन शोधा, सापडतोच.

रंगांचंही असंच. विणण्याआधीच्या साध्या रेषांच्या नक्षीत चारच आकार आहेत: ताऱ्याच्या पोटातला अष्टकोन, टोकांचे त्रिकोण, पंचकोन आणि छोटा चौकोन. अष्टकोन आणि पंचकोन एका रंगात, त्रिकोण आणि चौकोन दुसऱ्या रंगात भरले तर एकाच रंगाचे दोन शेजारी कुठेही कडेला कड लावून येत नाहीत. इथून पुढे स्वातंत्र्य तुमचं. त्रिकोण पांढरे ठेवून अष्टकोन हिरवा केला की एक भिंत, पंचकोन काळे केले की दुसरीच भिंत. फेसच्या जुन्या कामांत पांढरा, हिरवा, निळा, काळा आणि मधासारखा तपकिरी हे रंग वारंवार येतात, आणि सुरुवातीला एवढ्यांतच राहावं असं मी सुचवेन. रंग जास्त झाले की डोळा आकारांत अडकतो आणि रेषा हरवतात.

ही नक्षी न पाहता, कागदावर थेट, काढता यायला लागली की मोठ्या ताऱ्यांकडे वळा. आठ भागांचे कोन पुन्हा दुभागले की सोळा भाग होतात. मोठ्या भिंतींवर सहसा मध्ये सोळा किंवा अधिक टोकांचा तारा असतो आणि कोपऱ्यांत आठ टोकांचे. दोघांकडून रेषा निघतात आणि मधल्या प्रदेशात भेटतात. अवघड काम तेच, मधल्या प्रदेशाचं. तिथे बसणाऱ्या तुकड्यांना झेलीजच्या कामात स्वतंत्र नावं आहेत; उदाहरणार्थ बदामासारखा दिसणारा तुकडा म्हणजे लूझा. आठाच्या कुटुंबातल्या तुकड्यांचे कोन ४५ अंशांच्या पटीत असतात: ४५, ९०, १३५, २२५. एका बिंदूभोवती कोणतेही तुकडे आले तरी बेरीज ३६० व्हायलाच हवी, म्हणून अनोळखी जागा भरताना हाच हिशेब कामी येतो. ताऱ्याचं ९० अंशांचं टोक असेल तर त्याच्या दोन बाजूंना १३५ अंशांचे दोन कोपरे बरोबर बसतात.

सरावासाठी फेसच्याच बू इनानिया मदरशाचे फोटो शोधा. मरीनी घराण्यातल्या सुलतान अबू इनान याने तो चौदाव्या शतकाच्या मध्यावर बांधला आणि त्याच्या चौकात झेलीज, गिलावा आणि लाकूड या तिन्हींत तस्तीर एकत्र पाहायला मिळते. मराकेशचा बेन युसूफ मदरसा, सोळाव्या शतकातला, हाही तितकाच उपयोगी. फोटो समोरून काढलेला निवडा, तिरका नको. सगळ्यात मोठ्या ताऱ्याची टोकं मोजा. मग त्याच्या मध्यापासून शेजारच्या तशाच ताऱ्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढा, तुमची चौकट त्यातून मिळेल. मग चौकटीच्या आठव्या भागाचा तो त्रिकोण शोधा.

टोकं मोजताना आठ, सोळा, चोवीस आली तर तुम्ही ओळखीच्या कुटुंबात आहात. बारा आली तरी घाबरायचं कारण नाही. वर उभी रेषा काढताना आपण वर्तुळावर त्रिज्येनेच दोन खुणा केल्या होत्या. तशा चारही बिंदूंवरून दोन्ही बाजूंना केल्या की वर्तुळाचे बारा भाग पडतात. बाराला चाराने भाग जातो, म्हणून बारा टोकांचा तारा चौकोनी चौकटीत आरामात बसतो. दहाचं तसं नाही. दहाला चाराने भाग जात नाही, त्यामुळे दहा टोकांचा तारा चौकोनात बसवला की आडव्या दिशेला टोक येतं आणि उभ्या दिशेला खाच. त्याला वेगळ्या मापाचे आयत किंवा समभुज चौकोन लागतात. दहाच्या नक्ष्या इराणकडे जास्त फुलल्या, मोरोक्कोत आठाचं राज्य राहिलं. दहाकडे जायचं असेल तर आधी वर्तुळाचे पाच भाग करायला शिकावं लागेल, आणि त्याच्या नेहमीच्या रचनेत कंपासचा स्क्रू मधे मधे सैल करावा लागतो.